असुओसोचा जुना उकिरडा

पोराचं नाव उकिरडा ठेवावं आणि त्याने मोठं होऊन शहराच्या कचराखात्याचा साहेब व्हावं, याला दैवाची थट्टा म्हणायची की नावाचा गुण, हे असुओसो गावाला आजवर ठरवता आलेलं नाही. सुमिना म्हणजे आमच्या भाषेत उकिरडा. ऑफिसातले लोक त्याला 'मिस्टर सुमिना' म्हणत आणि मिशीत हसत. तो स्वतःच त्यांच्या आधी हसून मोकळा व्हायचा, त्यामुळे त्यांच्या हसण्यातली मजा निघून जायची.

त्याच्या आईने, अंतवीवाने, हे नाव हौसेने ठेवलेलं नव्हतं. सुमिनाच्या आधीची तिची मुलं आली तशी गेली होती, एकही आठवडाभर थांबलं नव्हतं. हा झाला तेव्हा सुईणीने त्याला उचलून थेट गावामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची पोकुवा ठरल्याप्रमाणे तिथून गेली, 'कुणी टाकलंय हे पोर' म्हणून ओरडली आणि घेऊन आली. गालांवर पात्याने रेघा ओढल्या, नाव ठेवलं उकिरडा. असल्या टाकाऊ पोराकडे मरण कशाला ढुंकून बघेल? आणि खरंच, मरणाने बघितलं नाही. आता त्याचे केस पिकले, निवृत्ती जवळ आली, तरी तो घरी आला की अंतवीवा आधी त्याचे गाल बघायची. रेघा जागेवर आहेत ना, एवढंच.

त्याच्या आधीची मुलं कुठे आहेत, हे गावातल्या अगदी म्हाताऱ्या बायकांनाच माहीत होतं. आठ दिवस न जगलेलं मूल त्या काळी आमच्याकडे माणसांत धरत नसत. पाहुणा दारात आला, आत न येता परत गेला. त्याला दफनभूमीत जागा नाही, त्याच्यासाठी कुणी दुखवट्याचं काळं-तांबडं नेसायचं नाही. मडक्यात घालायचं, मडक्याचं तोंड लव्हाळ्याने बांधायचं आणि उकिरड्यात पुरायचं. मग आईबापांनी डोकं भादरून, पांढरं नेसून, सण असल्यासारखं शेंगदाण्याचं कालवण जेवायचं. रडायचं नाही, नाव काढायचं नाही. आई रडली की गेलेल्याला कळतं, तिथे अजून आपली आठवण काढतात. मग तो एकटा राहत नाही, जे मूल राहिलंय त्याला बोलावून नेतो. सुईणीने अंतवीवाला हे कानाला धरून सांगितलं होतं. ते कालवण ती पुन्हा पुन्हा जेवली, आणि एकदाही रडली नाही. म्हणूनच सुमिना राहिला, असं तिला वाटायचं. वाटायचं कसलं, तिची खात्री होती.

पुढे दवाखाना आला, बाळं जगू लागली, ही रीत तिच्या पिढीबरोबर सरली. तरुणांच्या लेखी तो नुसता उकिरडा उरला, तोही बंद पडलेला. वर केळी माजली होती आणि कडेने अळू.

शहराचं रडगाणं वेगळंच होतं. बाजारामागे कचऱ्याचा ढीग दुमजली झाला होता, गटारं तुंबली होती, आणि गेल्या पावसाळ्यात कॉलऱ्याने झोंगो नावाच्या, परगावच्या लोकांच्या वस्तीतली लहान लहान मुलं नेली. नवी जागा शोधायची म्हटलं की प्रत्येक गावप्रमुख दुसऱ्याच्या गावाकडे बोट दाखवायचा. मग विद्यापीठाने नगरसभेला जागा पारखणारी, संगणकावर चालणारी एक प्रणाली करून दिली. नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. लोक तिला 'अग्येकुम' म्हणत.

याचं कारण असं, की खरोखरचा एक अग्येकुम होता. तो जुना आरोग्य निरीक्षक, जन्मभर कचऱ्यात काठी खुपसत हिंडलेला. विद्यापीठातली अदोमा नावाची तरुण बाई कित्येक महिने त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. माती अशी असेल तर काय, ओढा इतका जवळ असेल तर काय, वारा वस्तीकडे वाहत असेल तर काय, असं एकेक विचारून तिने म्हाताऱ्याचं सगळं शहाणपण काढून घेतलं आणि त्या प्रणालीत भरलं. काम पुरं झालं आणि म्हातारा वारला. आता लॅपटॉप उघडायचा, तो एकापाठोपाठ एक प्रश्न विचारतो, आपण उत्तरं द्यायची, आणि शेवटी तो सांगतो की जागा घ्या किंवा घेऊ नका, आणि का.

सुमिनाने हे आईला समजावलं तेव्हा तिला मुळीच नवल वाटलं नाही. "म्हणजे मेलेल्याला विचारायचं," ती म्हणाली. "ते तर आम्ही रोजच करतो. पण आधी त्याला घोटभर दारू तरी ओतलीत का?"

अदोमा हसली. सुमिनाही हसला आणि म्हणाला की हा अग्येकुम दारूवर नाही, विजेवर चालतो.

दोघं त्या दिवशी अंतवीवाच्या अंगणात आले होते ते कामासाठीच. असुओसोची जागा यादीत होती. सुमिनाने मोजणी करून घेतली होती, गावप्रमुखाला भेटून झालं होतं, आणि त्याने मान डोलावली होती, कारण जागेबरोबर रस्ता येणार होता. पण अग्येकुमचा एक नियम आडवा आला. जागा जुना उकिरडा असेल तर गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुषाचं उत्तर धरू नका. अदोमा म्हणाली, हा नियम म्हाताऱ्याने स्वतः हट्टाने घालायला लावला होता. तिने कारण विचारलं तेव्हा तो बाजूला थुंकला आणि दुसरंच काही बोलायला लागला. कारण माहीत नाही म्हणून तिने प्रश्न आपला साधाच घातला होता.

तो प्रश्न सुमिनाने वाचला. मांडीवर लॅपटॉप, नाकावर चष्मा, गालांवर त्या रेघा. "एनो," तो म्हणाला. आईला तो जुन्या पद्धतीने एनोच म्हणायचा. "त्या उकिरड्यात कधी कुणाला पुरलंय का?"

अंतवीवा केळी सोलत होती. सुरी थांबली नाही. जगातल्या सगळ्या माणसांत हा प्रश्न विचारायला नेमका हाच मिळाला होता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, लांबून, पाठमोरं होऊन, तर कदाचित तिने मान हलवली असती. पण ज्याला वाचवायला जन्मभर जीभ दाताखाली धरली, त्यालाच समोर बसवून म्हणायचं, की हो बाबा, तुझी भावंडं आहेत तिथे?

"उकिरड्यात कोण पुरतं माणसं?" ती म्हणाली. "नाही."

त्याने 'नाही'वर बोट ठेवलं. लॅपटॉपने जरा विचार केला आणि सांगितलं की जागा उत्तम आहे. चिकणमाती घट्ट, ओढा लांब, वारा जंगलाकडे, हमरस्ता जवळ, जागेवर वस्ती नाही, दफन नाही. बाकीच्या सगळ्या जागांपेक्षा सरस. अदोमाने टाळी वाजवली आणि सुमिनाच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की अंतवीवाला क्षणभर आपण काय करून बसलो ते कळलंच नाही. कळलं ते संध्याकाळी, एकटी बसल्यावर. मेलेल्या अग्येकुमने बरोबर दार ठोठावलं होतं, आणि तिने आतून कडी घातली होती.

गावात आनंदीआनंद झाला. उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात ते हेच, म्हणे. अंतवीवाला तर दोन्ही उकिरड्यांची आई म्हणून चिडवायला लागले.

तिने मग आडवळणाने प्रयत्न सुरू केले. आधी म्हणाली, माझी केळी आहेत तिथे, अळू आहे, ते कसं तोडता? सुमिनाने ते लॅपटॉपला सांगितलं. लॅपटॉप म्हणाला, पीक असेल तर भरपाई द्या. सुमिनाने भरपाईवर स्वतःच्या शेतातला तुकडा देऊ केला आणि वर म्हणाला, एनो, या वयात तुला केळी काय कमी पडतायत? नंतर ती म्हणाली, पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. अदोमाने येऊन खड्डे खणून पाहिले, माती कोरडी ठणठणीत. शेवटी तिने देवाला मध्ये ओढलं. त्या जागेवर देव राहतो, माझ्या आजोबांना दिसला होता. यावर गावच्या पुजाऱ्याला बोलावलं. पुजाऱ्याने असा देव कधी ऐकला नव्हता, पण एक मेंढा आणि जिनची बाटली मिळते आहे म्हटल्यावर त्याने देवाला शोधून काढलं, त्याची समजूत घातली आणि देव राजी झाला. आमच्याकडचे देव तसे समजूतदार असतात, विशेषतः दुपारच्या जेवणाआधी.

अंतवीवा इतकं खोटं जन्मात कधी बोलली नव्हती. एका 'नाही'ला झाकायला तिने किती 'हो' उभे केले, आणि एकही टिकला नाही.

एका रविवारी चर्चमधून परतताना सुमिना तिच्याकडे आला. तो रागावला नव्हता, दमला होता. म्हणाला, "एनो, हा लॅपटॉप हट्टी नाही. त्याला खरं कारण दिलं की तो मुकाट्याने ऐकतो. मी आत्ता ती जागा रद्द करीन. पण 'माझी आई नको म्हणते' एवढ्यावर कशी करू? झोंगोतल्या त्या बाया रस्त्यात लोळत होत्या गं. मी तिथे उभा होतो. एकीने माझा शर्ट धरला आणि सोडेचना. त्यांना काय सांगू?"

त्या रस्त्यात लोळणाऱ्या बायांचा अंतवीवाला हेवा वाटला. मोकळ्या उन्हात, चार लोकांत, छाती बडवून रडल्या. कुणी त्यांना कालवण जेवायला बसवलं नाही. असा हेवा वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली.

"सांग ना," सुमिना म्हणाला. "खरं कारण काय?"

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत. खरं सांगितलं तर ते तिथे निजलेले वाचतील, पण त्यांना हाक पोचेल, आणि ते याला बोलावतील. नाही सांगितलं तर यंत्र त्यांना उपसून काढेल. जिवंत एक आणि गेलेले सगळे. तिने त्याच्या गालाला हात लावला, त्या रेघांवर अंगठा फिरवला.

"काही कारण नाही," ती म्हणाली. "म्हातारं माणूस, जुनं मोडलं की वाईट वाटतं. खोद तू."

खुंट्या ठोकल्या गेल्या, त्यांच्या टोकांना लाल रंग. त्या बघायला अंतवीवा काठी टेकत गेली तेव्हा पोकुवा आधीच तिथे उभी होती. त्या दोघी एकाच पावसाळ्यात या गावात सासरी आल्या होत्या, एकीच्या मुसळाला दुसरीचं उखळ. पोकुवाची किती मडकी तिथे होती हे अंतवीवाला माहीत होतं, आणि तिची पोकुवाला. इतक्या वर्षांत दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. फरक एवढाच, की पोकुवाचं एकही राहिलं नाही. नवराही गेला. आता ती पुतण्याच्या घरी एका खोलीत राहत होती आणि पुतण्याची बायको तिला जेवायला विचारायची, पण तिच्यासोबत बसून जेवायची नाही.

पोकुवा खुंट्यांकडे बघत म्हणाली, "मी सांगते त्यांना."

अंतवीवाने न ऐकल्यासारखं केलं.

"तुझं नाव काढणार नाही. माझेच सांगते. माझे आहेत इथे, एवढं पुरे होईल ना त्या पेटीला? मला कशाची भीती? बोलावून न्यायला माझ्या घरात आता आहे कोण?"

"आणि तू सांगितल्यावर तो मला विचारणार नाही?" अंतवीवा म्हणाली. "माझ्याच पोटचा आहे तो. पोकुवा मावशीचे इथे, मग माझ्या आधीचे कुठे, एवढं त्याला कळणार नाही? कचऱ्यात का असेना, साहेब आहे."

"कळू दे. म्हातारा झाला तोही. काय होणार आहे?"

"तूच उचलून आणलंस त्याला इथून. तूच असं म्हणतेस?"

अंतवीवाने काठी टाकून पोकुवाचे दोन्ही हात धरले, आणि लोकांसमोर कधी वाकली नसती इतकी वाकली. नको बोलूस म्हणाली. माझा एकच आहे. आधी त्याच्या हातून मला माती मिळू दे, मग तू ओरडून सांग साऱ्या गावाला, पण मी जिवंत आहे तोवर नको.

पोकुवाने हात सोडवून घेतले नाहीत. "तुझा एक राहावा म्हणून माझे सगळे," ती म्हणाली, आणि वाक्य तिने पुरं केलं नाही. "बरं. राहू दे."

ती निघून गेली. त्यानंतर ती अंतवीवाच्या अंगणात कधी आली नाही. दिसली तर मान हलवायची, पण बसायची नाही. अंतवीवाने तिला बोलावलंही नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार? स्वतःच्या मुलांवर तिने माती टाकली ती टाकली, मैत्रिणीच्या मुलांवरही टाकली होती. हे पाप आपलंच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यात ना लॅपटॉपचा दोष होता, ना त्या गोड पोरीचा, ना सुमिनाचा.

यंत्रं आली. पिवळी, मोठी, गावातली सगळी पोरं शाळा बुडवून बघायला. आधी केळी आडवी केली, मग माती. उकिरड्याची जुनी माती काळीभोर असते, आणि अग्येकुमचा तिच्यासाठीही नियम होता: फेकू नका, खत आहे, लोकांना वाटा. बायका घमेली घेऊन धावल्या. ज्याच्या त्याच्या परसात ती माती पडली, टोमॅटोला, भेंडीला, शाळेच्या बागेत. अंतवीवाच्या दारातही एकीने घमेलं आणलं. अंतवीवाने ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हातारी हेकट झाली, असं म्हणत बाई पुढच्या घरी गेली.

तिने दार लावून घेतलं, तरी यंत्राचा आवाज यायचाच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो, हे तिला एकदा नव्हे, आयुष्यभर माहीत होतं. पण तेव्हा निदान शेवटी सगळं शांत व्हायचं. आता सकाळी सुरू झालेला आवाज उन्हं कलेपर्यंत थांबायचा नाही. ती त्या आवाजात जेवायची, झोपायची, आणि कुणी विचारलं तर कान दुखतो म्हणायची.

मडकी निघाली. त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. उकिरड्यात खापरं निघणार नाहीत तर काय निघणार? तरी सुमिना कामाचा काटेकोर. त्याने काम थांबवून लॅपटॉप उघडला आणि मडकी निघाल्याचं सांगितलं. लॅपटॉपने विचारलं, हाडं आहेत का? सगळे वाकून शोधायला लागले. पण आमच्या मातीत मोठ्या माणसाचं हाड टिकत नाही, तान्ह्याचं कुठून टिकणार? नुसती माती होती, मडक्यात आणि मडक्याबाहेर सारखीच. हाडं नाहीत, असं सुमिनाने सांगितलं. मग काम चालू द्या, असं उत्तर आलं. तोवर अंतवीवाला यातलं काहीच माहीत नव्हतं. हे तिला सुमिनानेच सांगितलं, तो मडकं घेऊन आला त्या दिवशी.

दुपारची वेळ होती. तो खुशीत होता, खड्डा पुरा झाला होता, तळाशी अंथरायचं प्लास्टिक दुसऱ्या दिवशी येणार होतं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही होतं. सगळी खापरं फुटकी निघाली एनो, तो म्हणाला, ही एवढीच दोन-तीन धड. एक अदोमा विद्यापीठात दाखवायला घेऊन गेली. हे मी तुझ्यासाठी मागून घेतलं. तुला जुनं मोडलं की वाईट वाटतं ना? निदान एवढं तरी राहिलं.

त्याने कागद सोडला. हातभर उंचीचंही नव्हतं, रुंद तोंडाचं, आखूड गळ्याचं, काळं. गळ्याभोवती बोटाने दाबून केलेली नक्षी.

"आत माती घट्ट बसली होती," सुमिना म्हणाला. "काढली सगळी. तिथल्याच नळाखाली चांगलं घासून धुतलं, बघ कसं चमकतंय."

अंतवीवाने हात पुढे केले. मडकं हातात आलं आणि तिने ते मांडीवर घेतलं. आपलं आहे की पोकुवाचं, हे तिला ओळखता येईना. त्या दिवसांत मडकी ती स्वतः आणत नसे, सुईण आणायची, आणि तिने ते धड पाहिलंच कुठे होतं? तिला मान वळवायला सांगितलं होतं आणि तिने वळवली होती. आता पहिल्यांदा ती हात फिरवत होती.

"आवडलं?"

"आवडलं," ती म्हणाली.

तो जेवला. तिने मडकं खाली ठेवलं नाही, तसंच एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्याला वाढलं. तो खड्ड्याबद्दल बोलत होता, झोंगोतला ढीग कधी हलेल त्याबद्दल, पुढच्या पावसाळ्याबद्दल. ती हं हं म्हणत होती. जेवण झालं, त्याने हात धुतले, येतो म्हणाला आणि अंगणात गेला.

तो आडोशाला गेल्यावर तिच्याने राहवेना. तिने मडक्याच्या तोंडाला गाल लावला. आतून थंड, ओला वास येत होता, नळाच्या पाण्याचा. बाकी काही राहिलं नव्हतं. आमच्याकडे ज्या वाराला मूल जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं, कुणी ठेवावं लागत नाही. आठव्या दिवशीचं बारसं न झालेल्यालाही ते असतंच. तिने इतक्या वर्षांत मनातही न उच्चारलेली ती नावं एकेक करून मडक्यात म्हटली. आद्वोवा. याव. आद्वोवा, दुसरी. कोफी. पोकुवाचं असेल तर पोकुवाची माहीत होती तीही म्हटली. आणि मग ती रडली. आवाज करायचा नाही म्हणून पदराचा बोळा तोंडात घातला, तरी सगळं अंग हलत होतं. सोसवेना तिला. इतक्या वर्षांचं होतं.

आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं, आपण रडलो.

ती उठली. काठी नाही, चपला नाहीत, मडकं तसंच छातीशी, आणि ती अंगणातून रस्त्याकडे धावली, तिच्या वयाला धावणं म्हणता येईल तेवढं. सुमिना गाडीचं दार उघडत होता. जिवंत होता, उभा होता, किल्ली हातात होती.

"सुमिना," ती म्हणाली. धाप लागली होती. "बरा आहेस ना रे?"

तो हसत वळला. "आत्ताच जेवलो की तुझ्यासमोर," असं काहीतरी म्हणायला लागला आणि थांबला. त्याने तिचा चेहरा बघितला. जन्मभरात त्याने आईला रडताना पाहिलेलं नव्हतं. बापाच्या मयतीलाही तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं, लोकांनी नावं ठेवली होती. मग त्याने मडक्याकडे बघितलं, ते तिने कसं धरलंय त्याकडे. एक हात बुडाखाली, एक हात गळ्यामागे.

कचऱ्यात का असेना, साहेब होता. आपलं नाव असं का, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. आपल्या आधीचे कुठे ठेवले, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी आपण काय विचारतोय हे त्याला कळलं नव्हतं. अंतवीवाने त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येताना बघितली. ती वाट बघत राहिली, आता हा विचारणार, आणि आता मला नाही म्हणता येणार नाही.

त्याने विचारलं नाही. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, ज्यांनी ते घासलं होतं.

"बरा आहे मी, एनो," तो शेवटी म्हणाला. आवाज फाटला, तसं त्याने पुन्हा नीट म्हटलं. "मी बरा आहे. मी आहे."

"हो," ती म्हणाली. "सावकाश जा."

तो गाडीत बसला. ती जागची हलली नाही. बराच वेळ झाला तरी गाडी सुरू झाली नाही, आणि काचेतून तिला त्याची फक्त खाली झुकलेली मान दिसत राहिली.